आर्याचं घोरणं

हसणार नसाल तर सांगतो. बघा, आत्ताच हसलात!

आमची आर्या पहिलीत जाते. सर्दी झाली की झोपेत घुर्रघुर्र करायची. कर्जतला मुलांच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "इथे ती जागी. झोपेतलं तुम्ही घरचेच बघता ना? झोपली की आवाज रेकॉर्ड करून पाठवा. त्यावरून मला कळेल."

माझी छाती फुगली की हो! आजवर दवाखान्यात माझं काम काय, तर बाहेर पिशवी धरून बसायचं. पोशीरला घरी येताच जाहीर केलं, "हे काम माझं. कुणी मधे पडायचं नाय!"

बुधवारी कंपनीला सुट्टी. सर्दीमुळे आर्याही घरी. दुपारी मटण-भात झाला. तिला झोपवलं, उशाशी मोबाईल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि लक्ष ठेवायला शेजारी जरासा आडवा झालो. जरासाच हां!

जाग आली तेव्हा ऊन उतरलेलं. आर्या अंगणात खेळतेय, रेकॉर्डिंग चालूच. म्हटलं, वा, भरपूर माल मिळाला! एवढं ऐकत कोण बसतंय? दिलं पाठवून.

थोड्या वेळानं बाईंचा फोन. "अहो, मी सुरुवातीचं थोडं ऐकलं. हा आवाज आर्याचाच? नक्की?"

"म्हणजे काय! मी सोता शेजारी होतो."

"मधेच श्वास अडकतोय. आत्ताच घेऊन या तिला."

माझी आई रडायला लागली, "एवडीशी पोर माजी!" बायकोनं, सुवर्णानं, कपड्यांची बॅग भरली. शेजारच्या बाळूदादानं टेंपो काढला. वाटेत आर्या म्हणाली, "पप्पा, आईस्क्रीम?" सर्दीची पोर, पण मी तेही कबूल केलं! नाही म्हणायला जीभच उचलेना.

बाईंनी तिला नीट तपासलं. "छाती स्वच्छ, घसाही ठीक. मग हा आवाज कुठला?" त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं.

काय तो आवाज! चिखलात ट्रॅक्टर रुतलाय जणू!

आई हळूच म्हणाली, "सुवर्णा, ह्यो आवाज वळखीचा वाटतोय गं."

सुवर्णाच्या तोंडात ओढणीचा बोळा!

"आई, गप बस," मी डाफरलो. "बाईंना ऐकू दे."

आणि ट्रॅक्टरच्या वर एक बारीक आवाज आला, "पप्पा, ए पप्पा! घोरू नको ना! मला झोपच नाय येत!"

बाहेर बसलेले पेशंटसुद्धा हसले हो! मी भिंतीवरचं हत्तीचं चित्र बघत उभा.

बाई मात्र गंभीर. "आर्या ठणठणीत आहे. पण श्वास अडकतोय तो तुमचा. मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि घरचं एखादं माणूस सोबत न्या, नीट माहिती द्यायला."

आर्यानं लगेच हात वर केला.

"मी जाते! मी पप्पासारखी झोपून नाय जात."