आईला न दिसलेले डोंगर
जूनच्या सुरुवातीचा, इथल्या थंडीतला लाँग वीकएंड जवळ आला की अजूनही माझी चिडचिड होते. नव्वदच्या दशकात आम्ही इकडे दक्षिण गोलार्धात, रिकार्टनला राहायचो, मी आणि नवरा दोघंही हॉस्पिटलात नोकरीला. एका जूनमध्ये पुण्याहून आलेल्या आईला परत जायला चारच दिवस उरले होते, आणि तिला बर्फाचे डोंगर एकदा जवळून बघायचे होते. नवऱ्याला मात्र वाटेतल्या गोर नावाच्या गावात कंट्री म्युझिकची स्पर्धा ऐकायची होती. "शनिवारी सकाळी तासभर बसू, मग थेट डोंगरांपाशी, टे अनाऊला," तो म्हणाला. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, आणि आम्ही तळलेल्या चिप्सच्या वासानं भरलेल्या हॉलमध्ये, हॅटवाल्या शेतकऱ्यांच्या गर्दीत. आई साडीवर माझं जाड जॅकेट घालून बसली होती. नवऱ्याचं "अजून एकच गाणं" करता करता अंधारून आलं आणि मुक्काम तिथेच पडला. रविवारी टे अनाऊला पोचलो तर पाऊस, आणि ढग पार गावालगतच्या तळ्यापर्यंत उतरलेले. मोटेलवाली हळहळली, "काल यायचंत ना, काल सगळं स्वच्छ दिसत होतं!" गाडीत बसल्याबसल्या मी नवऱ्यावर ओरडले. त्यानं वायपर सुरू केले. मागून आई म्हणाली, "अगं, जावयांना बोलू नकोस. गाणी छान होती की." तिला त्यातला एक शब्द कळला नव्हता, त्यामुळे मला जास्तच संताप आला. त्यानंतर आईला इकडे येणं जमलं नाही. नवऱ्यावरचा राग केव्हाच ओसरला. पण त्या हॉलमध्ये उठून "चला आता" म्हणायला मलाही तोंड होतं, हे काही मनातून जात नाही.