दोन तिकिटं आणि एक अमावस्या

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. असतो. पण आईच्या तिकिटापायी जो आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझी धाकटी बहीण कॅनडात असते. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा तिच्याजवळ नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तो बिचारा तिच्याहून जास्त घाबरलेला. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. लाडू नकोत, झबली-टोपडी नकोत. "मला आत नेतील तेव्हा आई दारात दिसली पाहिजे. बाकी मी बघते." फोनवर ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली.

आई चारकोपला दादा-वहिनीबरोबर राहते, म्हाडाच्या बैठ्या घरांच्या सोसायटीत. मी जोगेश्वरीला. सत्तरीची आई पहिल्यांदाच विमानात बसणार, तेही एकटी. तिचा कॅनडाचा व्हिसा मी काढला. बोटांचे ठसे मशीनला पटेनात, तेव्हा तिथल्या मुलीशी भांडलेही मीच. तिकीटही मीच शोधलं. मुंबईहून जर्मनी, तिथे विमान बदलायचं आणि पुढे कॅनडा. सगळं एकाच तिकिटावर. बॅग इथे टाकायची ती थेट तिकडेच मिळणार, आई मधल्या विमानतळाच्या आतच राहणार, आणि पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा असल्यामुळे जर्मनीचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागणार नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा वाचून खात्री करून घेतली होती.

तिकीट काढलं मात्र दादाने, आमच्या गाववाल्या एजंटकडून. आमच्याकडे हे असंच असतं. कांदिवलीत दहा एजंट असले तरी तिकीट गावच्या माणसाकडूनच काढायचं, नाहीतर तो मे महिन्यात गावी देवळात भेटला की तोंड फिरवतो.

आणि मग दादाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. निघायच्या तारखेला अमावस्या होती.

मला कुणी काही सांगितलं नाही. रविवारी मी चारकोपला गेले तेव्हा टेबलावर आईचा पासपोर्ट आणि त्याखाली तिकिटाचे कागद होते. एक कागद मुंबई ते जर्मनी, एका कंपनीचा. दुसरा जर्मनी ते कॅनडा, भलत्याच कंपनीचा. दोन्हींवर तारीख ठरलेल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"हे काय आहे रे?" मी विचारलं.

"अमावस्या होती गं. एक दिवस पुढे ढकललं. सरळ तिकीट मिळत नव्हतं, म्हणून त्याने दोन काढून दिली. विमानतळ तोच आहे, कंपनी वेगळी, एवढंच."

एवढंच! मी डोक्याला हात लावला. दोन वेगळी तिकिटं म्हणजे पहिल्या कंपनीचं काम जर्मनीत संपलं. बॅग तिथे पट्ट्यावर येणार. ती घ्यायला आईला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागणार, आणि बाहेर येणं म्हणजे जर्मनीत शिरणं. त्याला त्यांचा व्हिसा लागतो. कॅनडाचा तिथे चालत नाही, आणि तो काढायला आता दिवसही उरले नव्हते.

हे मी दादाला समजावलं, वहिनीला समजावलं. जेवताना ताटातला पापड मोडून दोन तुकडे केले आणि हे पहिलं तिकीट, हे दुसरं, अशी मांडणी करून दाखवली. वहिनी म्हणाली, "ताई, निघायच्या आधीच नाट नका ना लावू." दादाने पापडाचा एक तुकडा खाल्ला आणि एजंटला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"अगो बाय, कनेक्शनक विजा लागणा नाय," एजंट म्हणाला. "इतक्या लोकांक मी धाडलंय. तू कित्याक घाबरतस? मी आसंय मां!"

"अहो, पण हे कनेक्शनच नाहीये. तुम्ही दोन तिकिटं काढलीत."

"ता सगळा सारख्याच."

सगळं सारखंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, मग अमावस्या आणि पौर्णिमाही सारखीच म्हणा की. दादाने फोन बंद केला.

पुढचा आठवडा मी गोरेगावच्या माझ्या ऑफिसात बसून एकच काम केलं. दादाला पटेल असा कुणाचा तरी शब्द हवा म्हणून विमान कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी असते, तुम्ही वकिलातीला विचारा." व्हिसा सेंटरला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "तुमच्या विमान कंपनीला विचारा." दुसऱ्या कंपनीला विचारलं, तर ती म्हणाली, पहिल्या तिकिटाशी आमचा संबंध नाही. म्हणजे नियम करणारे हे, अडवणारेही हेच, आणि आम्ही पाय धरून विचारलं की कुणालाच काही माहीत नाही. लाखो माणसं रोज विमानं बदलतात, आणि लागतो की नाही एवढं छातीठोकपणे सांगणारा एक माणूस मला फोनवर मिळाला नाही. ज्याच्या हातात दुसऱ्या रंगाचा पासपोर्ट असतो त्याला हे प्रश्नच पडत नाहीत. तो बॅग उचलतो, बाहेर येतो, कॉफी पितो, परत आत जातो. माझ्या आईला कॅनडाने ये म्हटलंय, भारताने जा म्हटलंय, आणि मध्ये एका बाकड्यावर दोन तास बसायला तिसऱ्याची परवानगी! याचा मला संताप येतो. तेव्हाही आला आणि आता लिहिताना पुन्हा येतोय.

मी दादाला म्हटलं, ही तिकिटं रद्द कर, उशिराचं का होईना पण एकच तिकीट काढ. तो म्हणाला, "उशिराचं म्हणजे बाळंतपणानंतरचं. मग कशाला जायचं?" त्याचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, मग अमावस्येचंच परत घे. त्याला तो तयार होईना. मागच्या वेळी बहिणीसाठी जे पार्सल पाठवलं होतं ते नेमकं अमावस्येला निघालं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात ते सगळं झालं. दादा हे कधी बोलला नाही, पण त्याच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. म्हणून तर जास्त राग येत होता. वाईट माणसाशी भांडता येतं. घाबरलेल्या भावाशी काय भांडणार?

"माझी जबाबदारी," तो शेवटी म्हणाला. "आणि धाकटीला यातलं काही कळवायचं नाही. उगाच टेन्शन घेईल."

आई या सगळ्या काळात डिंकाचे लाडू वळत होती. आम्ही फारच तावातावाने बोलायला लागलो की म्हणायची, "भांडू नका रे. तुम्ही म्हणाल तशी जाईन मी."

निघायच्या दिवशी सकाळी दादाने देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गावच्या ग्रामदेवतेपासून वाटेवरच्या चाळ्यापर्यंत, म्हणजे भुताखेतांपर्यंत, सगळ्यांना हाक मारली, लेकरू सुखरूप पोचू दे, वाटेत आडवं येईल त्याला बाजूला कर, आणि आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणाले. देवांची परवानगी झाली होती, जर्मनीची राहिली होती. वहिनीने आईच्या हातावर दही घातलं आणि आम्ही अंधेरीच्या पुढे विमानतळावर पोचलो.

आपल्याला आत सोडत नाहीत. आई व्हीलचेअरवर बसून आत गेली, काचेपलीकडून एकदा हात हलवला, आणि आम्ही बाहेर कठड्याजवळ उभे राहिलो. दादाने चहा आणला. माझा चहा संपत आला असेल, तेवढ्यात मला ती दिसली.

व्हीलचेअर नव्हती. ती चालत येत होती, आणि मागून कंपनीचा एक माणूस तिची ट्रॉली ढकलत होता. आईने पासपोर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. जवळ आल्यावर तिने आधी माझ्याकडे बघितलं.

"माझं काय चुकलं काय गं?" ती म्हणाली.

तो माणूस सभ्यपणे बोलला. बॅग फक्त जर्मनीपर्यंतच जाईल, पुढचा बोर्डिंग पासही तिथे बाहेरच्या काउंटरवर घ्यावा लागेल, आणि बाहेर यायला यांच्याकडे व्हिसा नाही. अक्षरशः माझीच वाक्यं. पापडाचे तुकडे तेवढे नव्हते. मी त्याच्यावरही ओरडले, की तुमच्या फोनवरच्या मुलाला हे का सांगता आलं नाही? तो म्हणाला, "मॅडम, ते आमचं डिपार्टमेंट नाही." दादा एजंटला फोन लावत होता. एजंट उचलत नव्हता.

माझं खरं ठरलं होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

घरी परत आलो. दादाने गाडीतून बॅग काढली आणि फाटकातून आत नेऊ लागला, तशी आई म्हणाली, "ती घरात आणू नको. निघालेलं सामान परत उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही." शेजारच्या काकू दारातच होत्या, आईच्या जुन्या मैत्रीण. आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि काकूंनी काही न विचारता बॅग आपल्या घरात ठेवून घेतली. "प्रस्थान ठेवलंय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "पूर्वी असंच करायचे. दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी सामान शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघालाच, असं धरतात. मग अमावस्येला का जाईना." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, दादाकडे वळून म्हणाल्या, "तूही तसंच करायचं होतंस ना रे. ते पहिलं तिकीट चाललं असतं की!"

दादा चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

एक सरळ तिकीट मिळालं, पण तारीख पुढची. बहिणीला सांगावं लागलं. ती रडली नाही, रागावली नाही. "ठीक आहे," म्हणाली, आणि फोन नवऱ्याकडे दिला. आईची बॅग काकूंच्या सोफ्यामागे उभी राहिली. लाडू खराब होतील म्हणून आई रोज तिकडे जाऊन डबा उघडून बघायची आणि परत लावून यायची.

बाळ आईच्या तिकिटाच्या आधीच आलं. मुलगी. दोघी सुखरूप होत्या. जावयाचा फोन आला तेव्हा मी चारकोपलाच होते. वहिनी साखर आणायला आत गेली. बहीण नंतर दोन मिनिटं बोलली. आईने विचारलं, "घाबरलीस काय गं?" ती म्हणाली, "आत नेताना दाराकडे बघितलं गं. सवयीने." आणि मग लगेच, "बाळाचे केस बघ किती आहेत."

फोन ठेवला. दादाला ते दाराचं बोलणं सोसलं नसावं. तो उठून कॅलेंडरपाशी गेला, बोट ठेवून बघितलं आणि खुशीत म्हणाला, "आई, तिथी पण चांगली आहे हो आजची."

माझ्या आईने आयुष्यात आमच्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. गिरणी बंद पडून बाबा घरी बसले तेव्हाही नाही. त्या दिवशी ती उठली आणि कॅलेंडर खिळ्यावरून ओढून काढलं. रागावली की तिची भाषा थेट मालवणला जाते.

"तुझी ही धाकटी भयण अवशेक, अमावस्येक झाली," ती दादाला म्हणाली. "अवशेक! पोटात कळो येयत असताना मी काय उद्या ये म्हणान तिका सांगितलंय? मी चलत गेलंय दवाखान्यात. तुमका कधी सांगूक नाय, पोरीक कोण नावां ठेवीत म्हणान."

दादा म्हणाला, "आई, तूच तर अमावस्या पाळतेस—"

"पाळतंय! नवीन कापड घेताना पाळतंय. लेक बाळंतपणाक बोलवता तेव्हा नाय पाळनंय." मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं मी तिच्या बाजूची आहे. "आणि तू. सगळ्या दुनियेक फोन केलंस. जर्मनीवाल्यांक इचारलंस, इमानवाल्यांक इचारलंस. अवशेक जातंस काय म्हणान माका कोणी इचारल्यान?"

 माझा राग जायला त्या घरात जागाच उरली नव्हती, ती सगळी आईने घेतली होती.

ती चपला घालून शेजारी गेली. काकूंच्या सोफ्यामागची बॅग तिने ओढून दारात आणली, त्यांच्या उंबऱ्यावर बसली आणि एक हात बॅगेच्या दांड्यावर ठेवला. वहिनीने साखर आणली तेव्हा म्हणाली, "ठेव तिथे. मी निघालेली आहे."