लावणीतले घुंगरू

धीर हा प्रकार माझ्यात मुळातच कमी. त्यात ते स्पीकर घरी आल्यापासून माझ्या पायाला भिंगरीच लागली होती.

स्पीकर दौंडचे. कॉलेजची दोन वर्षं मी तिथे मामाकडे होतो. शेजारी रेल्वेचे एक इंजिन ड्रायव्हर राहायचे. ड्युटीवरून आले की कमरेएवढ्या उंच दोन स्पीकरवर ते लावणीची कॅसेट लावायचे. त्या लावणीत एका जागी ढोलकी थांबते आणि नुसते घुंगरू वाजतात. इतके बारीक, इतके स्वच्छ, की मी पुस्तक मिटून त्या जागेची वाट बघत बसायचो. तो आवाज आपल्या घरात हवा, ही हाव तेव्हापासूनची.

पंधरा वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा स्पीकर मी मागून घेतले. "घिऊन जा," ते म्हणाले, "पण वरचा आवाज गेलाय बघ. घुंगरू वाजत न्हाईत आता." कॅसेटही दिली. मी सगळं टेम्पोत घालून शिरूरला आणलं.

मागची फळी काढली. आत आवाजाची वाटणी करणारी पट्टी असते, क्रॉसओव्हर. जाड आवाज ती मोठ्या स्पीकरकडे पाठवते, बारीक आवाज वरच्या छोट्या ट्वीटरकडे. ट्वीटरच्या वाटेवरचा कपॅसिटर दोन्हीकडे फुगला होता. तसला शिरूरात मिळेना. मोटर रिवाइंडिंगवाल्यानं पंख्याचे दोन पुढे सरकवले.

"पंख्याचा स्पीकरला चालंल?"

"न चालायला काय झालं? ह्याला कुठं उलटं-सुलटं हाय!"

मी कथलाचा डाग देऊन ते जोडले, कॅसेट लावली. ढोलकी थांबली. पुढे काहीच नाही.

मग मी पिसाळलोच. डाग सोडवले, पुन्हा दिले. वायरी बदलल्या. पुण्याला जाऊन नवे ट्वीटर आणले. तरी तेच. चार वेळा फळी काढली, चार वेळा लावली. मनातल्या मनात त्या ड्रायव्हरनाही शिव्या घातल्या. जेवायला बोलावलं की मी बायकोवर खेकसायचो. "आता स्पीकरलाच ताट वाढते," ती म्हणाली, आणि जाता जाता, "चांगला तर वाजतोय." त्यावर मी तिला म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या आबांना आणून समोर बसवलं. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. माळापलीकडे घंटी वाजली तरी कुठली मेंढी ते सांगायचे.

"आबा, ढोलकी थांबली की काय ऐकू येतं, सांगा."

ढोलकी थांबली. आबा म्हणाले, "घुंगरू वाजत्यात की." मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला न्हाई येत ऐकू?"

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच होता. शिक्रापूरजवळच्या कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात, मला बारा वर्षं झाली होती. कानात घालायला कंपनी रबरी बुचं देते, दोरी लावलेली. आम्ही ती गळ्यात अडकवायचो आणि साहेबांचा राउंड आला की तेवढ्यापुरती कानात घालायचो. दिवसभर कोणी घातली तर त्याला जावईबापू म्हणून चिडवायचो. चिडवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे.

मला भयंकर राग आला आणि तो काढायला कोणी सापडेना. ते ड्रायव्हरही आठवले, आयुष्यभर इंजिनात बसलेले. त्यांनीही दोष स्पीकरलाच दिला होता. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती. चांगला वाजतोय, हे तिनं आधीच सांगितलं होतं.

"आबा, परत लावतो," मी म्हणालो. "वाजायला लागले की बोट हलवा."

ढोलकी थांबली. आबांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं, आधी सावकाश, मग भराभर. ते थांबेपर्यंत मी त्या बोटाकडे बघत राहिलो.