शेवटच्या पायरीखालचं पाणी

तांडेलाने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघा आता. मी काय करू सांगा."

समोर बेट होतं आणि बेटावर दीपगृह. कातळात कोरलेल्या पायऱ्या समुद्राकडे उतरत होत्या आणि मध्येच संपत होत्या. शेवटची पायरी आणि पाणी यांच्यात एका माणसाच्या उंचीचं अंतर होतं. त्या अंतरात नुसता काळा कातळ होता आणि त्यावर कालवं चिकटलेली होती. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. दुपारचे बारा वाजले होते.

बोटीत एकवीस पॅक्स होते. पॅक्स म्हणजे प्रवासी. आमच्या धंद्यात माणसं अशीच मोजतात. सगळे नागपूर आणि आसपासचे. मी नागपूरच्या एका टूर कंपनीत इटिनररी करायचो. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे असायचं, याचा तक्ता म्हणजे इटिनररी. या सहलीचा तक्ता मी केला होता. त्यात लिहिलं होतं : चौथा दिवस, दुपारी बारा, दीपगृहावर उतरणे.

सहलीचं नाव होतं 'सागरी दीपगृहं'. पाच दिवसांत बोटीतून तीन जुनी दीपगृहं. पहिली दोन पाण्यातूनच बघायची. तिसऱ्यावर उतरायचं, मनोरा चढायचा, जुनं भिंग बघायचं. सहल विकली गेली ती या तिसऱ्या दीपगृहामुळे.

बहुतेकांसाठी ती हौस होती. मंजुळाबाईंसाठी नव्हती.

मंजुळाबाई सक्करदऱ्याच्या. वय त्र्याहत्तर. घर विणकरांचं. वडिलांचा हातमाग होता, त्यावर नऊवारी साड्या निघायच्या. थोरला भाऊ मागावर बसला नाही. त्याला दीपगृह खात्यात नोकरी लागली आणि पोस्टिंग याच बेटावर मिळालं. तो तिकडेच तापाने वारला. तार नागपूरला पोहोचेपर्यंत अंत्यविधी होऊन गेले होते. घरातलं कोणी बेटावर गेलं नाही. भाडं जमेपर्यंत दोन वर्षं गेली आणि नंतर जाण्यासारखं काही उरलं नाही.

बुकिंगच्या वेळी त्यांनी मला एक पत्र दाखवलं होतं. भावाने वडिलांना लिहिलेलं. दीपगृहाचं भिंग माणसापेक्षा उंच असतं. दिवसा त्यातून ऊन गोळा झालं तर आत आग लागू शकते, म्हणून सकाळी दिवा मालवला की भिंगाभोवती पडदे ओढतात. सरकारी पडदे जुने झाले होते. भावाने वडिलांना लिहिलं, जाड सुती कापड विणून पाठवा. वडिलांनी पाठवलं.

"त्याच्या सुताच्या कांड्या मी भरल्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "बारा वर्षाची होतो मी. बाबा डाव्या काठात तीन लाल धागे टाकत. त्यायची खूण होती ती. दुसरं कोणी तसं टाकत नव्हतं."

तो पडदा अजून असेल का, हे त्यांना बघायचं होतं. मी त्याआधी बेटावर रेकी करून आलो होतो. रेकी म्हणजे ग्रुप नेण्याआधीची पाहणी. तिथल्या अटेंडंटने भिंगाची खोली उघडून दाखवली होती. भिंगाभोवती जुने पडदे होते, हे मला आठवत होतं. काठ मी बघितले नव्हते. अटेंडंटने हेही सांगितलं होतं, की फाल्गुनापासून मनोरा दुरुस्तीसाठी बंद होणार आणि भिंगाची खोली रिकामी करणार.

हे मी मंजुळाबाईंना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी फॉर्म भरला.

आता चुकीविषयी. ती साधी होती.

रेकी मी कार्तिकी पौर्णिमेला केली. दुपारी बारा वाजता बोट खालून पाचव्या पायरीला लागली. इब्राहिमभाई, म्हणजे तो तांडेल, तेव्हा म्हणाला होता, "ग्रुप आणायचा तर पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला. दोन दिवस पुढंमागं चालेल." मी डायरीत 'दुपारी १२' लिहिलं. पौर्णिमा लिहिली नाही. सहलीची तारीख मात्र त्याच्या सांगण्यावरून पौष पौर्णिमेची धरली.

नागपूरहून कोकणात जाणारी थेट गाडी रोज नसते. आमची तिकिटं वेटिंगवर अडकली. पुढच्या आठवड्याच्या त्याच वारी सगळी कन्फर्म मिळत होती. मी अख्खी सहल एक आठवडा पुढे ढकलली. वार तोच, वेळा त्याच. पचमढी, चिखलदरा, ताडोबा, सगळ्या सहली आम्ही अशाच ढकलतो. हॉटेलला फोन केला की काम झालं. डोंगर आठवड्याने जागा बदलत नाही.

मी इब्राहिमभाईला फोन केला. तो म्हणाला, "बोट आहे. तिथी बघितलीत ना?"

मी म्हणालो, "आमच्या ग्रुपमध्ये तिथी पाळणारं कोणी नाही."

तो म्हणाला, "बरं. या."

बोट पायऱ्यांसमोर डुलत होती. मी त्याला विचारलं, "तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात, तिथी बघत नाही. मला वाटलं, लांबनं बघून परत फिरणार. पुष्कळ जण फिरतात."

ग्रुपमध्ये कळमेश्वरचे एक निवृत्त शिक्षक होते, बोंद्रे गुरुजी. त्यांनी विचारलं, "तिथीचा न् पाण्याचा हिशेब काय आहे गा, भाऊ?"

इब्राहिमभाईने सांगितलं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, ती भरतीची वेळ. सहा तासांनी ओहोटी.

गुरुजींना पाऊणकी पाठ होती. "पंधराचे पाऊण सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेले दुपारी भरती. आज काय आहे? अष्टमी. आठाचे पाऊण सहा. सहाले भरती, म्हणजे बाराले ओहोटी." ते माझ्याकडे वळले. "अरे बाप्पा! बरोब्बर उलटं आणलं तुमी आमाले. चौथीतलं पोरगं नाही चुकत."

कोणीतरी हसलं. मागून एक जण म्हणाला, "आमचा सक्करदऱ्याचा तलाव बरा. पाणी जागच्या जागी तं राहते."

मी इब्राहिमभाईला विचारलं, सहा वाजेपर्यंत थांबलो तर? तो म्हणाला, अष्टमीची भरती भांगाची. भांग म्हणजे कमी जोराची भरती. ती पायरीपर्यंत येतच नाही, आणि सहाला अंधार पडतो. मी म्हणालो, मी कातळावर उडी मारतो. त्याने माझ्या बुटांकडे बघितलं. "लाट बोट आपटील. एकवीस माणसं आहेत. बसा खाली."

मी बसलो.

मंजुळाबाई बोटीच्या कडेला दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या होत्या. बोटीचा आवाज ऐकून अटेंडंट पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आला होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मले नाही उतरता येत तं नाही. तो माणूस पडदा खाली आणून दाखवते का, एवढं विचारा."

इब्राहिमभाई ओरडला. अटेंडंटला दोनदा सांगावं लागलं. तो वर गेला. आम्ही वीस मिनिटं थांबलो. बोट हलत होती, तिघांना उलट्या झाल्या. कोणी कुरकुर केली नाही. पत्राची गोष्ट गाडीतच सगळ्यांना कळली होती.

अटेंडंट कापड घेऊन शेवटच्या पायरीपर्यंत आला आणि त्याने ते दोन्ही हातांनी पसरून धरलं. वाऱ्याने ते सारखं त्याच्याच अंगाला गुंडाळत होतं. कापड मळकट पांढरं होतं. आमच्यात आणि त्याच्यात साठेक फूट पाणी असेल. त्याहून जवळ बोट नेता येत नव्हती.

"डावा काठ," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्याले म्हणा, डावा काठ पुढं कर."

इब्राहिमभाई ओरडला. अटेंडंटने कापड उलटं धरलं, मग सुलटं धरलं.

"लाल दिसते का वं तुले?" त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं.

"काहीतरी दिसल्यासारखं वाटते, मावशी."

"वाटते नको सांगू. दिसते का?"

"नाही."

मी मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून बघितला. चौकोन चौकोन दिसत होते, धागे दिसत नव्हते. अटेंडंटला त्याच्या फोनवर जवळून फोटो काढायला सांगितलं. त्याचा फोन वर चार्जिंगला होता. बेटावर रेंजही नसते. कापड खाली टाक म्हटलं तर तो म्हणाला, "रजिस्टरला आहे. सरकारी आहे." त्याचं बरोबर होतं.

लाट वाढली. इब्राहिमभाईने न विचारता इंजिन सुरू केलं. अटेंडंटने कापडाची घडी घातली. मंजुळाबाई मान वळवून बघत राहिल्या. मनोरा टेकडीआड गेला तेव्हा त्या सरळ बसल्या.

बंदरावर पोहोचल्यावर मी मालकांना फोन केला.

"लांबून दिसलं ना?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"फोटो काढले ना सगळ्यांनी?"

"काढले."

"मग झालं. माहितीपत्रकात 'दर्शन' लिहिलंय. आत नेऊ असं कुठं लिहिलं नाही. तू काहून टेन्शन घेऊन राहिला?"

इटिनररीत 'उतरणे' लिहिलं होतं. ती ग्राहकाला देत नाहीत. मी मंजुळाबाईंचं सांगितलं. सात दिवसांनी अमावास्या होती, दुपारी भरती होती. त्यांना बंदरावर ठेवावं, मी थांबतो, असं म्हणालो.

"एका पॅक्ससाठी? वय काय तिचं?"

"त्र्याहत्तर."

"काही झालं तं कोण उत्तर देईल? ग्रुपसोबत गेली, ग्रुपसोबत येईल. फॉर्मवर पोराची सही आहे तशी."

मंजुळाबाई समोरच होत्या. त्यांनी स्वतः मुलाला फोन लावला. तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टवर होता. मागे मशीनचा आवाज होता.

"मी राहतो इथं आठ दिवस," त्या म्हणाल्या. "हे साहेब आहेत सोबत."

"कोण साहेब?" मुलाचा आवाज मला ऐकू येत होता. "ज्यानं चुकवलं तोच ना? आई, गुपचाप गाडीत बस. पडदाच आहे तो."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मुलगा बोलत होता ते बरोबर होतं.

परतीच्या प्रवासात त्या रडल्या नाहीत. डबा उघडून पोळी खाल्ली. बडनेऱ्याला मला एवढंच विचारलं, "तुमाले तिथी नव्हती माहीत का?"

"माहीत होती. बघितली नाही."

"हं," त्या म्हणाल्या.

अमावास्येला मी रजा मागितली. मिळाली नाही, सहलीचे दिवस होते. इब्राहिमभाईला फोन केला, तू जाऊन पडदे अजून आहेत का विचार. त्याची बोट मशिनच्या कामासाठी किनाऱ्यावर ओढलेली होती. माघी पौर्णिमेला तो गेला. तेव्हा दुरुस्तीचं काम सुरू झालेलं होतं, सांगितल्यापेक्षा पंधरा दिवस आधी. भिंग सुटं करून पेट्यांत भरलेलं होतं. अटेंडंटची बदली झाली होती. पडद्यांचं विचारलं तर रंगाऱ्याने खाली हात केला. जमिनीवर रंग सांडू नये म्हणून ते डब्यांखाली अंथरले होते. रजिस्टरमधून त्यांची नोंद कमी झाली होती. निरुपयोगी म्हणून.

मी सक्करदऱ्याला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मंजुळाबाईंनी चहा दिला. मी जे होतं ते सांगितलं, रंगासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग विचारलं, "त्या बोटवाल्यानं काठ पाह्यला का?"

मी त्याला पडदे आहेत का, एवढंच विचारायला सांगितलं होतं. काठाचं सांगायला विसरलो होतो. मी तिथूनच फोन लावला. इब्राहिमभाई म्हणाला, सगळ्यावर रंग होता साहेब. पांढरा पण आणि लाल पण.

मनोऱ्याला पांढरे आणि लाल पट्टे असतात.

मी ते मंजुळाबाईंना सांगितलं. त्यांनी कपबशी उचलली आणि आत गेल्या. मी थोडा वेळ बसलो. त्या बाहेर आल्या नाहीत. दार ओढून घेऊन मी निघालो.

त्यानंतर मी आमच्या इटिनररीच्या फॉर्ममध्ये तिथीचा रकाना घातला. तारीख बदलली की तो नव्याने भरावा लागतो. ऑफिसातली नवीन मुलं विचारतात, हा कशाला? मी सांगतो, समुद्राच्या सहलीसाठी. समुद्राची सहल आम्ही पुन्हा काढली नाही. रकाना रिकामाच जातो.