मुसकं बांधून हवापालट

हवा खायला क्वालालंपूरहून अल्लीपूरला आलेलं जगातलं पहिलं कुटुंब आमचं. (शेवटचंही आमचंच असावं.)

गोष्ट नव्वदच्या दशकातली, अगदी शेवटाकडची. मी तिकडे मलेशियात एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होतो. सोबत बायको नंदा आणि सहा वर्षांची मिठी. शेजारच्या देशात जंगलं पेटली की त्या मोसमात दर वर्षी धूर समुद्र ओलांडून आमच्याकडे मुक्कामाला यायचा. पण त्या वर्षी तो असा ठाण मांडून बसला की जावईसुद्धा तसा बसत नाही! समोरची इमारत दिसेना. शाळा बंद. साहेबांनी सगळ्यांना तोंडाला बांधायचे पांढरे मास्क वाटले. मिठी दिवसभर खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये बसून खोकायची आणि नंदा तिच्याकडे बघत बसायची.

आमच्या इमारतीत सगळे परदेशीच. संध्याकाळी खाली लॉबीत सभा भरायची. विषय एकच, राहायचं की जायचं? जपानी कुटुंबाने एक शब्द न बोलता सामान बांधलं. जर्मन जोडप्याने आधी चर्चा केली, मग भांडण केलं, मग सामान बांधलं. केरळचे आमचे शेजारी म्हणाले, "थांबा, पाऊस येईल." मी मराठी माणूस, मी भाषण केलं.

"नंदा, आपण कायमचे माझ्या गावी, अल्लीपूरला जाऊ," मी छाती फुगवून म्हणालो. (त्या हवेत ती फुगत नव्हती, तरी.) "काय हवा आहे तिथली! नुसती हवा खाऊन माणूस अंग धरतो!"

"मग तू तिथून आलास तेव्हा इतका काडीपैलवान कसा होतास?" नंदाने विचारलं. ती नाशिकची. नाशिकची माणसं असले प्रश्न विचारतात.

शेवटी तह झाला. कंपनीला मला करार वाढवायचा की नाही ते कळवायचं होतं. त्याआधी महिनाभर अल्लीपूरला राहून पाहायचं. मिठीचा खोकला थांबला तर तिथेच राहायचं. नाही थांबला तर परत, आणि पुन्हा जन्मात अल्लीपूरचं नाव काढायचं नाही.

मला परत यायचं होतं हो. फार यायचं होतं. त्या चकचकीत शहरात संध्याकाळ झाली की मला आमच्या किराणा दुकानातला गूळ, हिंग आणि रॉकेल यांचा एकत्र वास आठवायचा. (हा वास शुद्ध हवेत मोडत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.)

मी दुकानात फोन लावला. बाबांनी उचलला. परदेश लांब आहे म्हणून ते फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचे.

"बाबा, तिकडे हवा कशी आहे?"

"कोनती हवा?"

"म्हणजे धूरबीर?"

"कायचा धूर बाप्पा? इथं काऊन धूर राहीन?"

मी त्यांना तहाच्या अटी सांगितल्या. मग बाबा दुप्पट जोराने ओरडले, "म्हनजे पोट्टी खोकली नाई पायजे, एवढंच ना? येजो तू! मी पाहतो!"

बाबांनी "मी पाहतो" म्हटलं की गावातली समजूतदार माणसं बाहेरगावी जातात. मी पडलो आनंदात. माझ्या लक्षातच आलं नाही.

दिवाळी आटोपल्यावर आम्ही निघालो. नंदाचा अल्लीपूरवर काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळे नागपूरला उतरल्यावरही तिघांच्या तोंडाला मास्क. हिंगणघाटच्या स्टँडवर एका म्हाताऱ्याने आम्हाला अडवलं. "काहो, मलेरियाची फवारणी करायले आले काय? आमच्या नालीत आधी मारा!" मी मास्कआडून समजावू लागलो, तर तो म्हणाला, "हाव हाव, औषध संपलं आसन. दरसाल असंच सांगता तुमी."

घरी आई ओवाळायला ताट घेऊन दारात उभी. ताटात सगळं होतं, फक्त निरांजन विझवलेलं. (बाबांचा हुकूम!) आईने मिठीकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं ताटच कलंडलं.

"अवं माय! लेकराले मुसकं काऊन बांधलं?"

मुसकं म्हणजे मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ती जाळी.

"धूर जाऊ नये म्हणून आहे ते, आई," नंदा म्हणाली.

"काही खाऊन नाई राह्यली ना तिकडं? उपाशी ठेवता काय रे पोरीले?"

मग हळूहळू कळलं की बाबांनी काय काय "पाहून" ठेवलंय. घरातली चूल बंद. देवापुढची उदबत्ती बंद, देव नुसत्या फुलांवर. बाबांची स्वतःची विडी बंद. म्हणजे घरात बंद. दर तासाने ते "गाय पाहून येतो" म्हणून मागच्या कोठ्यात जात आणि भिंतीवरून निळा धूर वर येई. नंदा माझ्याकडे बघायची. "गाईचा श्वास आहे. थंडी पडली ना," मी सांगायचो.

इथवर घरातलं झालं. पण बाबांनी सगळ्या गल्लीलाच धूरबंदी लावली होती! शेकोटी नाही, चूल नाही, कचरा पेटवणं नाही. माणसं भिडेखातर ऐकत होती. फक्त शेजारच्या शांताकाकू दुसऱ्याच दिवशी अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, बंब पेटवू की नाई?"

"नाई. पोट्टी खोकलन," बाबा म्हणाले.

"मंग आमी अंघोळ कशी करायची? थंड्या पान्यानं? आमचे हे तर चार दिवसांपासून बिनअंघोळीचे फिरून राह्यले!"

"ते तसेही रोज नाई करत," बाबांनी शांतपणे सांगितलं. ते खरं होतं, त्यामुळे काकू जास्तच भडकल्या.

एवढं करूनही मिठी खोकायचीच. धूर नव्हता, पण घरामागच्या शेतात सोयाबीनची मळणी सुरू झाली होती. मशीन भडभड करत कुटाराचा, म्हणजे भुशाचा, पिवळा ढग उडवायची आणि तो ढग शिस्तीत आमच्या अंगणात उतरायचा. बाबा मशीनसमोर हात पसरून उभे राहिले. परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. "सांगतलं त्यायले," बाबा भुवया झटकत म्हणाले, "मशीन दुसरीकडं तोंड करून लावा मनून." मशीनवाल्यांनी तोंड फिरवलं. आता ढग शांताकाकूंच्या अंगणात उतरू लागला.

नंदा बॅगा भरू लागली. मोठ्याने नाही, एकेक फ्रॉक घडी करून, बायका भरतात तशा. ते पाहून आईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे पाह्य, हा खोकला नाईच. नजर आहे. परदेशातल्या लोकायची नजर. भल्ली जोराची. आज तिन्हीसांजेले मी उतरवतो. तिघायवरूनबी."

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या माणसावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. मिरचीचा ठसका लागला तर नजर नाही. ठसका लागलाच नाही, तर समजायचं, नजर लागली होती आणि चांगलीच लागली होती. आमच्या घरात या शास्त्रावर आजवर कोणी शंका घेतलेली नाही.

नंदाला धूर म्हटल्यावर राग यायला हवा होता. पण सासूचा चेहरा बघून ती विरघळली. "एकदाच करा, आई. पण आम्ही मास्क काढणार नाही," ती म्हणाली आणि तिने मिठीच्या तोंडावर एकावर एक असे दोन चढवले.

आम्ही तिघं ओसरीवर रांगेत बसलो. समोर शेगडी. आईने मुठीतल्या मिरच्या ओवाळल्या, काहीतरी पुटपुटली आणि टाकल्या. धूर उठला. आईने पदर नाकाला लावला आणि आमच्याकडे टक लावून पाहिलं.

आम्ही ढिम्म! एक तर मास्क, त्यात क्वालालंपुरात मुरलेले गळे.

"आई वं!" आई कळवळली. "एकाचाबी ठसका नाई! केवढी नजर माय ही! अहो, अजून मिरच्या आना!"

बाबा दुकानात धावले आणि मूठभर मिरच्या घेऊन आले. टाकल्या. आम्ही ढिम्म.

"साध्या नोको! भिवापुरी आना!"

भिवापुरी मिरची नुसती पाहिली तरी आमच्याकडच्या माणसाला घाम येतो. बाबांनी पिशवीच आणली. आता हे थांबवायला हवं होतं आणि घरात शिकलेला मी एकटा! मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि तोंड उघडलं.

"आई, यात नजरबिजर काही नाही. वैज्ञानिकदृष्ट्या पाहिलं तर या मास्कमुळे..."

त्याच क्षणी बाबांनी पिशवी उपडी केली.

त्यापुढचं विज्ञान मला सांगता आलं नाही. डोळ्यांतून, नाकातून, जिथून म्हणून पाणी येऊ शकतं तिथून आलं. मी ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून ओसरीवर खोकत फिरत होतो. आई आनंदली असेल म्हणता? छे! तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "याले नाई नजर. मले वाटलंच होतं. याच्यात काय आहे पाह्यासारखं? ह्या दोघीलेच आहे. टाका अजून!"

तोवर धूर गल्लीत पोचला होता. गाईने दावं तोडलं आणि ती घरापुढच्या दुकानातून समोरच्या दाराने बाहेर पडली. तिच्यामागून गिऱ्हाईकं पळाली. मळणीची मशीन बंद पडली, कारण चालवणाराच पळाला. आणि इतके दिवस निमूटपणे थंड पाण्याने अंघोळ केलेली अख्खी गल्ली खोकत-खोकत आमच्या अंगणात शिरली! सगळ्यांत पुढे शांताकाकू.

"आमच्या बंबाले बंदी, अन् तुमी... अक्... तुमच्या घरी होळी... अक्... करून राह्यले काय?"

"नातीले खोकला नाई पायजे ना," बाबा धुरातून म्हणाले, "म्हनून धूर करून राह्यलो."

एकदम मागून खिदळण्याचा आवाज आला. मिठी! दोन्ही मास्क गळ्यात, आणि ती पोट धरून हसत होती. शांताकाकू एक "अक्" करायच्या, ही एक उडी मारायची. मी चमकून नंदाकडे पाहिलं. आता गेलो आपण क्वालालंपूरला! पण नंदाचाही मास्क निघालेला. ती भिंतीला टेकून इतकी हसत होती की तिला उभं राहवत नव्हतं. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग तिने एक सणसणीत शिंक दिली, मिठीनेही दिली, आणि आईने दोन्ही हात वर केले.

"उतरली वं माय, उतरली!"

दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतली धूरबंदी उठली. चुली पेटल्या, बंब पेटला, शांताकाकूंचे यजमान स्वच्छ दिसू लागले. आणि मिठीचा खोकला थांबला. का थांबला, देव जाणे. ती दिवसभर गल्लीतल्या पोरांबरोबर मळणीच्या ढिगाऱ्यावर लोळायची. आई म्हणायची मिरच्या. बाबा म्हणायचे बंदोबस्त. आणि नंदाने बॅगेतले फ्रॉक परत दोरीवर टांगले होते.

"आपण राहतोय," एके सकाळी शांताकाकूंबरोबर बंबात गोवरी घालता घालता ती म्हणाली.

"इथे धूर कमी आहे असं तुला वाटतं?" मी विचारलं.

"मुळीच नाही. तू साफ खोटं बोलला होतास. पण तिथे मी धुरात एकटी बसायचे. इथे निदान गल्लीभर माणसं मिळून शिव्या देतात."

मला इतका आनंद झाला की मी तिला मोठ्याने काहीतरी गोड सांगणार होतो. पण मला ठसका लागला.

तो ठसका मिरच्यांच्या त्या संध्याकाळपासून थांबलाच नव्हता. ओवा झाला, हळद-दूध झालं. शेवटी बाबा मला सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी सावकाश तपासलं, कुटार, कापूस, धूळ असं एकेक विचारलं. प्रत्येक शब्दाला मी नुसता खोकत होतो.

"तुम्हाला इथली हवा मानवत नाही," ते म्हणाले. "या सीझनमध्ये हवापालट करा. जरा दमट, पावसाची जागा बघा. तशी कुठे सोय आहे?"

बाबांनी उत्साहाने सांगून टाकलं, "हाव ना साहेब! क्वालालंपूर!"

त्याच आठवड्यात तिकडून केरळच्या शेजाऱ्यांचा फोन आला. पाऊस आला होता, आभाळ स्वच्छ झालं होतं. तहाप्रमाणे नंदा आणि मिठी अल्लीपूरलाच राहिल्या, मी करार वाढवला आणि एकटा विमानात बसलो. खिडकीत तोंड घालून थोडा रडलोही.

त्याला आता कैक वर्षं झाली. मिठी हिंगणघाटला कॉलेजात जाते आणि माझ्याशी फोनवर "बाबा, तुमी कवा येऊन राह्यले?" असं बोलते. मी पावसाळ्यात येतो. सोयाबीन पिवळं पडू लागलं की नंदा माझी बॅग काढते. मी पोचतो तेव्हा तिकडे पुष्कळदा धुराचा मोसम भरात असतो. पण त्या धुराचं आणि माझं बरं जमतं. तिथे मी कधी खोकत नाही.

निघायच्या दिवशी आई शेगडी पेटवते आणि माझ्या एकट्यावरून मिरच्या उतरवते. निखाऱ्यावर मिरची पडायचा अवकाश, मी असा खोकतो की कोठ्यातली गाय उभी राहते. आई समाधानाने मान हलवते. "नाई. याले कोनाचीच नजर नाई."

खरंच आहे. आपल्या गावची हवा सोसेना म्हणून धुराच्या गावी हवा खायला जाणाऱ्याला नजर लावणार तरी कोण!