कॉलरचं पोलकं

लग्न होऊन मी थळच्या अलीकडच्या ह्या गावात आले, त्याच वर्षी मे महिन्यात हे सायकलवरून रेवसला गेले आणि दुपारी एक फुगलेली कापडी पिशवी कॅरिअरला बांधून घेऊन आले. मुंबईहून लाँचनं येणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाबरोबर वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीनं, ती पाठवली होती. आत सहा साड्या होत्या, त्यांवरच्या पोलक्यांसकट. सहाही नेसलेल्या. डांबरगोळ्यांचा आणि वन्संच्या पावडरीचा वास एकमेकांत मिसळला होता.

सासूबाईंनी एकेक साडी उलगडून माझ्या मांडीवर टाकली. म्हणाल्या, "नशीब हाय तुजा. मुंबयच्या साड्या नेसाला मिलतात."

मला आनंद झाला नव्हता असं खोटं सांगणार नाही. माझं माहेर पेणच्या आतल्या बाजूला, भातशेतीवर जगणारं. आम्हा बहिणींना वर्षाला एक कपडा. मी त्या सहा साड्यांवरून हात फिरवला आणि मला खरंच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

ते पहिल्या वर्षी. पुढे दर मे महिन्यात पिशवी येत राहिली. वन्सं माझ्याहून बुटक्या आणि अंगानं भरलेल्या. त्यांची पोलकी मला छातीत ढगळ व्हायची आणि खांद्यांत आवळायची. सासूबाईंचं जुनं मशीन होतं, त्यावर मी ती उसवून, आत घेऊन, पुन्हा शिवायची. शिवण मी कुठल्या क्लासात शिकले नाही. दुसरीचं उसवता उसवता शिकले.

साड्यांचं तसं नव्हतं. त्यांवरचे डाग उसवता येत नाहीत. एका आकाशी साडीवर पदराच्या जरा खाली इस्त्रीचा तांबूस ठसा होता, तो निऱ्यांत दडवावा लागायचा. एकीवर हळद सांडलेली, ती बाजू कमरेत खोचायची. मी साडी नेसायला शिकले ती वन्संच्या डागांच्या हिशोबानं. माझी मुलगी लहान असताना मला बिलगून म्हणायची, "आई, तुला आत्याचा वास येतो."

आणि लग्नाकार्यात वन्सं भेटल्या की ठरलेलं. चारचौघी बसलेल्या असताना माझा पदर दोन बोटांत धरून म्हणायच्या, "अगं, ही माझी ना? बंगलोरहून आणलेली. तुला बरी दिसते की." बायका पदराकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मी हसायची. दुसरं काय करणार? मग दिवसभर मी भिंतीच्या कडेनं वावरायची. पंगतीत वाढायचं काम मागून घ्यायची, म्हणजे कुणी समोर बसवून न्याहाळणार नाही.

नवी साडी घेऊ का, असं मी ह्यांना सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं. हे एका संस्थेत कारकून होते, पगार वेळेवर यायचा, अगदीच ओढग्रस्त नव्हतो. पण हे म्हणायचे, "कपाट भरलंय की साड्यांनी. अजून कशाला?" कपाट खरोखरच भरलेलं होतं. मी विचारणं सोडलं.

तिशी गेली, चाळिशी गेली. ज्या वयात मी दिसायला बरी होते, ते सगळं वय वन्संच्या साड्यांत गेलं. त्या काळातले फोटो मी बघत नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, मागे तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले, निदान सहा महिने असंच राहणार. वन्संची पोलकी बहुतेक मागे हुक असलेली. रोज सकाळी मला ह्यांच्यासमोर पाठ करून उभं राहावं लागायचं. हे घड्याळाकडे बघत हुक लावायचे, आणि एखादा चुकला की "आता राहू दे" म्हणायचे. पंधरा दिवस मी ते सोसलं. मग ट्रंक उघडली.

ट्रंकेत एक चौकड्याचं सुती कापड पडून होतं. विटकरी आणि काळ्या रेघांचं, इकडचे दर्यावर्दी लोक कमरेला गुंडाळतात तसल्या जातीचं. ह्यांच्या लुंगीसाठी आणलेलं, ह्यांना रंग आवडला नाही म्हणून राहून गेलेलं. मी त्याचं एक सैल पोलकं बेतलं. पुढे बटणं, कोपराच्या खालपर्यंत बाह्या. गळ्याशी कापड जास्तीचं उरलं तर कॉलर लावली. तरीही एक तुकडा उरला, म्हणून डाव्या बाजूला खिसा लावला. एका हातानं काम, त्यामुळे चार दिवस लागले. कॉलरचं एक टोक जरा वाकडं झालं, ते तसंच ठेवलं.

त्यावर नेसायला वन्संच्या साड्यांतली एकही जुळेना. सगळ्या फुलाफुलांच्या. मग मी एकटी एसटीनं अलिबागला गेले आणि स्वतःच्या पसंतीनं पहिली साडी घेतली. राखाडी, बिनकाठाची, जाड सुताची. दुकानदारानं दोनदा विचारलं, "वहिनी, कुणासाठी?"

ती नेसून मी आरशासमोर उभी राहिले, तेव्हा मला आधी ओळख पटेना. मग पटली. ही उंच बाई मी होते. रुंद खांद्यांची, लांब हातांची. तीस वर्षं मी खांदे पाडून चालत आले होते, कारण पोलकं कुणा दुसरीच्या मापाचं होतं.

गावात हसले लोक. शेजारीण म्हणाली, "काय गो, बसची कंडक्टरीण झालीस का काय?" देवळात एकीनं विचारलं, घरात कुणी गेलं का, असा रंग नेसल्येस तो. ह्यांनी नुसतं बघितलं. आठवड्यानं जेवताना म्हणाले, "लोक हसतात."

"कोण?"

"लोक."

"तुम्ही?"

ते भात कालवत राहिले.

मी थांबले नाही. खांदा सुटल्यावरही नाही. चौकड्याची आणखी चार पोलकी शिवली, हिरवट, निळी, एक पिवळ्या रेघेचं. एकरंगी जाड साड्या घेतल्या. केसांना मेंदी लावणं बंद केलं, पांढरे केस मागे ओढून बांधायला लागले. पायात पुरुषी घडणीच्या कातडी चपला आल्या. खिशात चष्मा, घराची चावी, एसटीचे सुटे पैसे आणि पेन. खिसा नसताना ह्या चारही वस्तूंसाठी मी कुणाला ना कुणाला हाक मारत असे.

त्याच सुमारास आमच्या बचत गटाच्या एका कागदावर शिक्का हवा होता. दोन वर्षांपूर्वी अशाच कामासाठी मी एका सरकारी कचेरीत गेले होते, वन्संची गुलाबी जॉर्जेट नेसून. तेव्हा खिडकीतल्या माणसानं मान वर न करता म्हटलं होतं, "बाई, बाजूला उभ्या राहा. बरोबर कुणी आलंय का?" तासभर उभी राहून परत आले होते. ह्या वेळी माणूस तोच, खिडकी तीच. त्यानं कॉलर बघितली, खिशातलं पेन बघितलं आणि म्हणाला, "बसा ना मॅडम. कुठल्या शाळेवर आहात?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. "शिक्का हवाय."

दहा मिनिटांत काम झालं.

परतीच्या एसटीत अर्ध्या वाटेपर्यंत मी खूश होते. नंतर राग आला. मी तीच होते. तेवढीच शिकलेली, तोच गट, तोच कागद. म्हणजे एवढी वर्षं जी मला बाजूला उभी करत होती ती माणसं माझ्याकडे बघतच नव्हती, आणि आताही बघत नव्हती. पण एक खरं, तिथून पुढे मी बाजूला उभी राहिले नाही. ग्रामसभेत पाण्याच्या वेळेबद्दल उठून बोलले. आवाज कापला, तरी वाक्य पुरं केलं. पूर्वी बोलताना दोन्ही हात पदर सांभाळण्यात जायचे. आता एक हात खिशात असायचा.

पिशवी ह्या वर्षांतही येत होती. मी ती उघडत नव्हते.

गेल्या वर्षी वन्संच्या धाकट्या मुलाचा साखरपुडा झाला. मुंबईकरांना हल्ली असले कार्यक्रम समुद्रावर हवे असतात, म्हणून तो आमच्याच किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये होता. मी गर्द निळी साडी आणि पिवळ्या रेघेचं पोलकं घालून गेले. दुपारी जेवणं झाल्यावर, फोटोच्या आधी, वन्सं मला हाताला धरून एका खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर जांभळी रेशमी साडी काढून ठेवलेली होती.

"ही नेस पटकन. फोटो होईपर्यंत."

"मी अशीच बरी आहे, वन्सं."

"अगं, मुलीकडची माणसं आहेत. त्यांना वाटेल ही रिसॉर्टची मॅनेजर आहे. एक तासाचा प्रश्न. माझ्यासाठी."

मी म्हटलं, "तुमच्यासाठी तीस वर्षं नेसले. तुमच्या साड्या, तुमचे डाग. आता नाही."

हे वाक्य मी मनात किती वेळा घोकलं होतं! वाटलं होतं, बोलले की मोकळं वाटेल. वन्सं पलंगावर बसल्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"माझ्यासाठी? मी कधी म्हटलं तुला नेस म्हणून?"

"दर वर्षी पिशवी कोण पाठवायचं मग?"

"तो मागायचा, म्हणून पाठवायचे."

मी खोलीचं दार लोटून घेतलं.

"एप्रिल आला की त्याचं पत्र यायचं. पुढे फोन. ताई, जुन्या साड्या असतील तर पाठव, हिला कपड्यांची आवड नाही, हिला काहीही चालतं. एका दिवाळीला मी तुझ्यासाठी नवी घेतली होती. हिरवी, नारायणपेठी. तो घरी आला तेव्हा दाखवली, तर म्हणाला, परत कर, तिला सवय लागेल."

बाहेर कुणीतरी माइकवर नावं पुकारत होतं. मी विचारलं, "मग चारचौघींत माझा पदर धरून 'ही माझी ना' म्हणायचात, ते?"

त्यांनी जांभळ्या साडीचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ते मी म्हणायचे. ते माझंच." आणि उठून त्यांनी जांभळी साडी घडी घालून बॅगेत ठेवली.

फोटोत मी टोकाला उभी राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, जरा आत सरका." मी सरकले. हे रांगेत माझ्यापासून पाच माणसं सोडून उभे होते, हसत होते.

घरी येईपर्यंत मी गप्प बसले, गाडीत ड्रायव्हर होता. ओटीवर हे चपला काढत असताना विचारलं, "तुम्ही मागायचात?"

काय मागायचो, असं त्यांनी विचारलं नाही. तिथंच मला कळलं.

"त्यात काय वाईट केलं?" ते म्हणाले. "चांगल्या साड्या होत्या."

"मला विचारलंत कधी?"

"तू कधी काही म्हणालीस?"

सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं, आणि मग तीस वर्षं तोंड मिटून नेसत राहिले. मनातल्या मनात सगळा राग वन्संवर काढला, कारण ते सोपं होतं. त्या मुंबईला होत्या. ह्यांच्यावर काढला असता तर त्याच घरात राहायचं कसं?

दुसऱ्या दिवशी कपाटातल्या उरलेल्या साड्या बाहेर काढल्या. कुणाला देऊन टाकाव्यात असं शेजारीण म्हणाली, पण त्या दुसऱ्या कुणा बाईच्या अंगावर घालायचं माझ्या मनात येईना. कापून पायपुसणी केली. न उघडलेल्या पिशव्यांतल्या साड्यांचीही. वन्संचा मध्यंतरी फोन आला होता, मुलाच्या लग्नाची तारीख सांगायला. दोघीही नीट बोललो. तेवढंच.

आता गावातल्या बायका माझ्याकडे कॉलरची पोलकी शिवायला येतात, ती कंडक्टरीण म्हणणारीसुद्धा. खिसा हवाच म्हणतात. माप घेताना मी त्यांना सांगते, खांदे पाडू नकोस, सरळ उभी राहा. काहीजणींना ते जमतच नाही. लहान वयाच्या असल्या तर मला त्यांचा हेवा वाटतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटतो.

गेल्या महिन्यात हे मशीनपाशी येऊन उभे राहिले. रिटायर होऊन त्यांना चार वर्षं झाली, शर्टांच्या कॉलरी विरल्या आहेत. म्हणाले, "ह्यातलं कापड उरलं असेल तर मला एक शर्ट शिव की. हा चौकडा बरा दिसतो."

मी दोरा ओवत होते. म्हटलं, "मी बायकांचंच शिवते."

ते चपला घालून बाहेर पडले. मग अलिबागला जाऊन तयार शर्ट घेऊन आले. त्याच्या बाह्या लांब आहेत, पंजा निम्मा झाकला जातो. माझ्यासाठी ते अर्ध्या तासाचं काम. ते रोज सकाळी ओटीवर बसून बाह्या दोनदा दुमडतात, एक घडी सारखी सुटते, ती पुन्हा घालतात. मी समोरच शिवत बसलेली असते.