रॉकेलची जीप आणि उसनी गाडी

आमच्या घरी हायब्रीड गाडी नव्वदच्या दशकातच आली होती. फक्त तिला हायब्रीड म्हणायचं असतं, हे तेव्हा राहुरीत कुणाला माहीत नव्हतं. लोक तिला ‘रॉकेलची जीप’ म्हणायचे.

ती पेट्रोलवर चालू व्हायची. इंजिन तापलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टिअरिंगखालचा खटका ओढून तिला रॉकेलवर घ्यायचे. (एवढं रॉकेल कुठून यायचं, हे विचारू नका. आम्हीही विचारलं नाही.) गाडी बंद करण्याआधी खटका परत पेट्रोलवर आणावा लागे. तो विसरला, की पुढच्या वेळी ढकलल्याशिवाय जीप हलायची नाही. आणि अण्णा दर वेळी विसरायचे! त्यामुळे कुठूनही निघताना अण्णा आत बसणार आणि आई, आत्या व मी मागे जाऊन हात लावणार, अशी आमच्या घरची रीतच होऊन बसली होती.

अशात बबनमामांनी माझ्यासाठी घोडेगावचं स्थळ आणलं. मुलगी सुनंदा, डी.एड. झालेली. फोटो बघूनच मी मनातल्या मनात बाशिंग बांधलं. आणि नेमका जीपचा गिअरबॉक्स गेला!

“एष्टीनं जाऊ की,” अण्णा म्हणाले.

“पोरगी बघायला एसटीने? काय इज्जत राहील?” मी तणतणलो. माझी दशा बघून गॅरेजवाल्या शब्बीरभाईंनी स्वतःची पांढरीशुभ्र गाडी दिली. “जीप नीट होईपर्यंत वापरा. पण अण्णा, ही फक्त पेट्रोलवर चालते हां!”

गाडी कसली, लोणी होतं! काचा वरखाली होत होत्या. सीटमधून स्प्रिंग टोचत नव्हती. आवाज तर इतका कमी, की आई सारखी विचारत होती, “आरं, चालू हाय का बंद पडली?” रॉकेलचा वास नसल्यामुळे आत्याला मळमळायला लागलं.

घोडेगाव दिसू लागलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “इंजिन तापलं. घेतो रॉकेलवर.” आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्टिअरिंगखाली हात घालून खटका ओढला. पुढे ‘धप्’ असा आवाज झाला.

“बघा! कसं गुळगुळीत घेतलं!” अण्णा खूश.

तो खटका बॉनेटचा होता.

आम्ही मुलीच्या दारात उतरलो, ते बॉनेटचा जबडा अर्धवट वासलेल्या गाडीतून. मुलीचे वडील पुढे आले. “पाव्हनं, टपान उगडं हाय जनू.”

“नव्या गाड्यांत असंच असतं,” मी ऐटीत सांगितलं. “हवा खेळती राहते.”

पोहे झाले, चहा झाला. मग आम्हा दोघांना ओट्यावर बोलायला सोडलं. सुनंदानेच विचारलं, “तुमची ती रॉकेलची जीप नाही आणली?”

“तुम्हाला कशी माहीत?”

“इथल्या बाजारात बघितली होती. तुम्ही गाय घ्यायला आला होता ना? जाताना सगळे मिळून ढकलत होता.” ती हसत होती.

“छे! ती जुनी झाली,” मी घाईघाईने म्हणालो. “आता आम्ही हीच वापरतो.”

तिचं हसू जरा मावळलं. मला वाटलं, छाप पडली!

निघताना सगळं घर दारात उभं. अण्णा आत बसले आणि आई, आत्या, मी सवयीने मागे जाऊन हात लावून वाकलो! अण्णांनी किल्ली फिरवली. ती गुणी गाडी लगेच चालू होऊन सटकली आणि नवीन पॅन्टसकट मी धुळीत आडवा. सुनंदा ओढणी तोंडाला लावून खळखळून हसली. ते हसणं मला इतकं आवडलं, की उठायचं सुचेना.

“ढकलावी लागती व्हय?” तिच्या वडिलांनी विचारलं.

“त्याचं आसं हाय पाव्हनं,” अण्णा खिडकीतून डोकं काढून सांगू लागले, “ही गाडी...”

“घरात दोन-दोन गाड्या!” मी धूळ झटकत मध्येच ओरडलो. “त्यामुळे सवयीची गल्लत होते!”

त्याच आठवड्यात बबनमामा नकार घेऊन आले.

“पोरीला तू पसंत हुता रं. पन तिचा बाप म्हनला, दोन गाड्यावाल्यांचा मानपान आपल्याच्यानं व्हायचा न्हाई. जीप बगूनच तर त्यो तयार झाल्ता. म्हनला हुता, समदं घर मिळून ढकलतंय, तितं आपली पोर सुखात ऱ्हाईल.”

“अहो मामा, पण ती गाडी आमची नव्हतीच!”

“मंग दोन गाड्या म्हनून कोन बोंबललं?”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आजही ती आठवण आली की घास फिरतो. अण्णा खरं सांगत होते, त्यांना दोन मिनिटं बोलू दिलं असतं तर!

गिअरबॉक्सचा एक भाग पुण्याहून यायचा होता, त्यात बरेच दिवस गेले. जीप हातात आली, तसा मी एकटाच घोडेगावला धावलो आणि सुनंदाच्या वडिलांना सगळं खरं सांगितलं. ते उठले, जीपभोवती फिरले, मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले.

“आदी का न्हाई आनली ही?” ते हळूच म्हणाले. “परवाच साखरपुडा झाला.”

सुनंदा बाहेर आली नाही. मी चहा कसाबसा संपवला आणि जीपमध्ये बसलो, तर ती चालू होईना. गडबडीत मीही खटका विसरलो होतो! घरातून एक उंच, दणकट तरुण बाह्या सारत आला. “बसा तुम्ही, मी लावतो धक्का.”

“हे कोण?” मी विचारलं.

“जावई आमचं,” तिचे वडील म्हणाले.

त्याने एकट्याने धक्का मारला आणि जीप पहिल्याच हिसक्यात चालू झाली. मला घोडेगावातून घालवायची तिलाही इतकी घाई असेल, असं वाटलं नव्हतं!